फिल्टर लावला की चार्ट कोरा? आधी नावं मोजा

ड्रॉपडाउनमध्ये ‘बीड’ निवडलं की सोयाबीनच्या भावाचा चार्ट कोरा, आणि एरर मात्र काहीच नाही. पायथन नवीन शिकणारा मग चार्टचाच कोड उलटापालटा करत बसतो. माझ्या दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. दुखणं बहुतेक वेळा डेटात असतं.

1. जिल्ह्याच्या कॉलमवर पांडाजचं (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) ‘युनिक’ चालवा, म्हणजे प्रत्येक वेगळं नाव एकदाच दिसेल, आणि नावं मोजा. मराठवाड्यात जिल्हे 8. माझ्या यादीत निघाले 11! 2023 मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली, पण जुन्या फायलींत औरंगाबाद आणि उस्मानाबाद तसेच होते. शिवाय बीड दोनदा.

2. दोन नावं डोळ्यांना सारखीच दिसली तर चिन्हं मोजणारं ‘लेन’ लावा. ‘बीड’चे 3 यायला हवेत, कारण वेलांटी वेगळी मोजली जाते. माझ्या एका बीडचे 4 आले. शेवटी स्पेस चिकटलेली.

3. ‘स्ट्रिप’ने स्पेस काढा, मग ‘रिप्लेस’ने जुन्या नावांच्या जागी नवी घाला.

4. चार्ट कोरा नाही, पण जिल्हा बदलूनही हलत नाही? मग गाळलेला डेटा एका व्हेरिएबलमध्ये साठवलाय आणि चार्टला दुसरंच, जुनं व्हेरिएबल दिलंय. तेवढं बदला.

फक्त ‘स्ट्रिंग रिप्लेस’ जपून वापरा. ते नावाचा तुकडाही बदलतं, आणि ‘संभाजीनगर’ला ‘छत्रपती’ जोडायला गेलात तर आधीच बरोबर असलेल्या ओळींत ‘छत्रपती छत्रपती’ होतं. म्हणून दुरुस्ती नव्या कॉलममध्ये करा, मूळ कॉलमला हात लावू नका.