ओढ्यातला सेंद्रिय कार्बन मोजताना या चुका टाळा

जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलातले ओढे कोऱ्या चहाच्या रंगाचे होतात. गढूळपणा गाळून काढला तरी पिवळट झाक राहते, ती पानांतून आणि मातीतून विरघळून आलेल्या सेंद्रिय कार्बनची. तो मोजणं अवघड नाही, पण ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयीन प्रकल्पांत एक बाटली मे महिन्यात, एक ऑगस्टमध्ये भरली जाते आणि दोन आकड्यांवर निष्कर्ष उभा राहतो. तिथेच घोळ होतो.

पीटचा नियम इथे लावणं. या विषयावरचं बरंचसं वाचन थंड प्रदेशातल्या पीट दलदलींवरचं असतं. तिथे पाणी साचून राहतं, प्राणवायू पोचत नाही, शेवाळ पुरतं कुजत नाही आणि थरावर थर चढतो, तोच पीट. कार्बनचा साठा मीटर-मीटर खोल. उन्हाळ्यात त्यातून विरघळणारा कार्बन तयार होतो, शरद ऋतूतल्या पावसात बाहेर पडतो. पण स्वीडनच्या उत्तरेत वसंतात बर्फ वितळतं, तेव्हा दलदलीतून येणाऱ्या ओढ्यांत कार्बनचं प्रमाण उलट घटतं, कारण वितळलेलं पाणी गोठलेल्या पृष्ठभागावरूनच वाहून जातं आणि ओढा पातळ होतो. शेजारच्याच जंगलातल्या ओढ्यांत मात्र ते वाढतं.

येऊरचा ओढा या दुसऱ्या जातीचा. बसाल्टवर मातीचा पातळ थर, त्यावर फेब्रुवारी ते मे साठलेला पाचोळा. उन्हाळ्यातलं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपतं, त्यात कार्बन कमी. पाऊस लागला की पाणी वरच्या काळ्या मातीतून आणि पाचोळ्यातून वाट काढतं, म्हणून प्रवाहाबरोबर प्रमाणही चढतं. पण साठा वर्षभराचाच! ऑगस्टमध्ये तेवढ्याच प्रवाहाला जूनइतका कार्बन मिळेल असं धरू नका.

पाऊस थांबल्यावर निघणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डोंगरउतारावरचा छोटा ओढा तासाभरात चढतो आणि उतरायला लागतो. आपण पोचतो तोवर पाणी उतरतीला असतं. चढतीला आणि उतरतीला पाण्याची उंची सारखी असली तरी कार्बन सारखा नसतो, कारण पाणी वेगळ्या वाटांनी आलेलं असतं. चढतीत दर १५ मिनिटांनी, उतरतीत दर अर्ध्या-एक तासाने नमुना घ्या, तोही काठावरून किंवा साकवावरून. पुरात उतरायचं नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनविभागाची परवानगी आधी काढून ठेवा, पाऊस पडायला लागल्यावर त्यासाठी वेळ नसतो.

प्रवाह न मोजणं. सरळ १० मीटर पात्रात सुकं लाकूड सोडा, वेळ मोजा. पृष्ठभागाचा वेग × रुंदी × सरासरी खोली × ०.८५ (वरचं पाणी सरासरीपेक्षा वेगाने वाहतं म्हणून). धरा, ओढा १.५ मीटर रुंद, ०.२ मीटर खोल, वेग सेकंदाला ०.४ मीटर: सेकंदाला सुमारे १०२ लिटर. त्यात लिटरला ५ मिलिग्रॅम कार्बन असेल तर दिवसाला ४४ किलो. समजा मे महिन्यात पाणी आटून प्रमाण लिटरला ८ मिलिग्रॅम झालं, पण प्रवाह सेकंदाला २ लिटर असेल तर दिवसाला जेमतेम १.४ किलो. प्रमाण मे महिन्यात जास्त धरलं, तरी वहन पावसात ३२ पट. म्हणून हंगामाची सरासरी काढताना प्रत्येक आकड्याला त्या वेळच्या प्रवाहाचं वजन द्या. आणि प्रवाहापासून तुटलेल्या डबक्यातला मे महिन्याचा नमुना ओढ्याचा म्हणून धरू नका. तिथे शेवाळ वाढलेलं असतं, पाणी आटून घट्ट झालेलं असतं.

बाटलीतल्या चुका. सॅनिटायझर लावलेले हात नकोत, अल्कोहोल म्हणजेच सेंद्रिय कार्बन. काचेची गडद बाटली ओढ्याच्याच पाण्याने तीनदा विसळा. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून त्याच दिवशी गाळा. नव्या फिल्टरमधूनही कार्बन सुटतो, म्हणून पहिले ५०-१०० मिलिलिटर फेकून द्या. आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा, ४ अंशांवर ठेवा. मात्र २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचं शोषण मोजायचं असेल (त्यावरून सेंद्रिय कार्बनचा अंदाज येतो), तर वेगळी बाटली बिनआम्लाची ठेवा: तपकिरी ह्युमिक आम्लं आम्लात साका होऊन खाली बसतात. लोह आणि नायट्रेटही त्याच तरंगलांबीवर प्रकाश शोषतात, तेही तपासून घ्या.

प्रयोगशाळेला ‘एकूण कार्बन’ नको, ‘एकूण सेंद्रिय’ हवा असं लिहून द्या. बसाल्टातल्या पाण्यात बायकार्बोनेट असतं आणि तो कार्बनही आकड्यात मिसळतो. सीओडी (पाण्यातल्या पदार्थांचं रासायनिक ऑक्सिडीकरण व्हायला लागणारा प्राणवायू) हा त्याला पर्याय नाही. खाडीजवळ तर क्लोराइडमुळे तो फुगतो.

जागा चुकणं. वस्तीत शिरल्यावर ओढ्याचा नाला होतो, मग आकडा सांडपाण्याचा असतो. नमुना शेवटच्या घराच्या वर घ्या. ठाणे खाडीच्या तोंडाशी दिवसातून दोनदा भरती पाणी उलटं ढकलते, तिथे वरचं प्रवाहाचं गणित चालत नाही.