हॉर्सबो घेताय? आधी स्वतःची ओढ मोजा

हॉर्सबो म्हणजे घोडेस्वारांच्या परंपरेतलं आखूड, वळणदार धनुष्य. ठाण्या-ऐरोलीतून कुणी त्याबद्दल विचारायला आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, किती पाउंडांचं घेऊ?" त्याआधी विचारायला हवं, की माझी ओढ, म्हणजे दोरी मी किती मागे खेचतो ते अंतर, किती इंच?

धनुष्यावरचे पाउंड, म्हणजे ते ओढायला लागणारा जोर, बहुधा २८ इंच ओढीला मोजलेले असतात. इंचामागे दोन-तीन पाउंड कमी-जास्त होतात. तुमची ओढ २६ इंच असेल, तर चाळीसचं धनुष्य हातात पस्तिसच्या आसपास भरतं. अंगठ्याने ओढणाऱ्याचा हात मात्र कानामागे जातो, ओढ ३०-३१ इंचांवर पोचते आणि तेच धनुष्य जड होतं. लांबी आखूड असलेल्या धनुष्याची ओढीची मर्यादा तिथे ओलांडली, तर ते तुटू शकतं. म्हणून विक्रेत्याला कमाल ओढ विचाराच. मांचू (मांचुरियातलं) धनुष्य दिसायला देखणं, पण त्याची लांब, ताठ टोकं लांब ओढीसाठीच असतात. २६ इंचांवर ते मंद वाटतं. अंदाजासाठी दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर घ्या आणि २.५ ने भागा. तीन बोटांच्या ओढीला हे चालतं. अंगठ्याची ओढ मात्र हलक्या धनुष्यावर खुणा केलेला लांब बाण ओढूनच मोजा.

मी पहिलं धनुष्य ४५ पाउंडांचं घेतलं आणि तीन महिने खांदा शेकत बसले. नवशिक्या प्रौढाला २५-३० पुरेसं आहे. पूर्ण ओढून पाच सेकंद धरताना हात थरथरला, तर ते तुमचं नाही.

बाण सरळ जात नाही? हॉर्सबोला बाण टेकवायला खाच नसते, तो हातावरून जातो. उजव्या हाताने अंगठ्याने ओढत असाल तर बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला, तीन बोटांनी ओढत असाल तर डाव्या बाजूला ठेवा. बाजू बरोबर असूनही अंगठ्याच्या ओढीत बाण सतत उजवीकडे जात असेल, तर बहुधा तो जास्त ताठ आहे. प्लास्टिकची पिसं हातावर आपटतात. खरी पिसं घ्या. आणि रिकर्व्हवाल्या (ऑलिंपिकसारखं आधुनिक धनुष्य वापरणाऱ्या) मित्राचे हलके कार्बन बाण नकोत. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात (एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन). पाउंडामागे आठ ते दहा ग्रेन धरा, म्हणजे तीस पाउंडांना निदान १६ ते १९ ग्रॅमचा बाण. त्याहून हलका बाण सोडणं रिकामी दोरी सोडण्याच्या जवळ जातं आणि तो सगळा झटका धनुष्य खातं.

आता पाऊस. शिंग, कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणारे) चिवट तंतू आणि जनावरांच्या सरसातून बनलेलं खरं धनुष्य ओल शोषून ढिलं पडतं. कोरियात ते उबदार पेटीत सांभाळतात. खाडीकाठच्या आपल्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये ते जमवणं कठीण, म्हणून पहिलं धनुष्य फायबरग्लासचं घ्या. त्यालाही मे महिन्यात घोडबंदर रोडवर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. उष्णतेने थर सुटतात. मुठीवरच्या चामड्याला बुरशी धरते, ते पुसून वाऱ्यावर वाळवा.

दोरी शक्यतो चढवणीच्या दोरखंडाने चढवा. पाय घालून चढवताना धनुष्याचा बाहू पिळवटतो. चढवल्यावर टोकाकडून डोळा लावून पाहा. दोरी दोन्ही टोकांच्या मधोमध बसायला हवी. एका बाजूला सरकली असेल, तर एकदाही ओढून पाहू नका, लगेच उतरवा आणि जाणकाराला दाखवा.