जन्माचा दाखला काढताना या चुका टाळा

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात मी बावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सोसायटीतलं कोणी ना कोणी जिना चढून येतंच. "काका, जन्मदाखल्याचं जरा काम होतं. अर्जंट आहे." जन्माला तीस-पस्तीस वर्षं उलटलेली असतात आणि दाखला परवापर्यंत हवा असतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ज्याला आपण दाखला म्हणतो, तो एका जाड रजिस्टरातल्या एका ओळीचा उतारा असतो. ती ओळ कुठल्या गावच्या, कुठल्या वर्षाच्या रजिस्टरात आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर काम चहा पिऊन येईपर्यंत होतं. ठाऊक नसेल तर समोर बसलेला कारकून काय करणार? खिडकीवरची बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

गाव चुकतं

ही माझी सर्वांत नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंद होते ती जिथे जन्म झाला तिथे. तुम्ही राहता ते गाव वेगळं, रेशनकार्डावरचं वेगळं, कुलदैवताचं वेगळं. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ही एवढी साधी गोष्ट शिकलेसवरलेले लोक विसरतात.

काही वर्षांपूर्वी एक पोरगा आला होता. आयटीतला, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात प्लास्टिकचं फोल्डर. राहायला ठाण्यात, मूळ गाव कोकणात. त्याची मावशी आमच्या गावात राहायची, ती म्हणाली "इथेही एकदा विचारून बघ," म्हणून आलेला. ठाण्यात नोंद सापडली नव्हती, मूळ गावच्या ग्रामपंचायतीतही नाही. दोन्हीकडची अनुपलब्धता प्रमाणपत्रं, म्हणजे 'इथे नोंद नाही' असे कागद, फोल्डरात नीट लावलेली. एका एजंटाने त्याला सांगितलं होतं, याच दोन कागदांवर तुझी उशिराची नवी नोंद करून देतो, पंधरा हजार होतील. त्यातले सात देऊनही झाले होते.

मी विचारलं, "आईचं माहेर कुठलं?"

"इथलंच. म्हणजे इथून आठ किलोमीटरवर आजोळ आहे."

"आणि तू जन्मलास कुठे?"

"ठाण्यात. म्हणजे… असेन."

असेन! मी त्याला तिथेच आईला फोन लावायला लावला. स्पीकरवर माउली म्हणाली, "अरे, पहिलटकरीण माहेरीच जाते ना! पण घरी नाही झालास तू. कळा अडल्या म्हणून रात्री जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं मला." तालुक्याचा दवाखाना म्हणजे आमच्याच हद्दीतला.

पण गोष्ट इथे संपली नाही. जन्म २९ डिसेंबर १९८८ चा. डिसेंबरची पानं पाहिली, नाही. शेजारचा सहकारी म्हणाला, द्या लिहून 'नोंद आढळत नाही'. रजिस्टरातल्या ओळी लागतात त्या नोंद झाली त्या दिवसाच्या क्रमाने. वर्षअखेरीच्या बाळाची माहिती दवाखान्यातून आठवड्याने आली, की ती ओळ जाते पुढच्या वर्षीच्या रजिस्टरात. १९८९ चं रजिस्टर काढलं. जानेवारीच्या पहिल्याच पानावर तो बसला होता. नावाचा रकाना कोरा, लिंगाच्या रकान्यात 'पुरुष', आईचं नाव माहेरचं, कारण केसपेपर आजोबांनी लिहून घेतलेला. कोऱ्या नावाचा आणि आईच्या नावाचा अर्ज पुढे वेगळा करावा लागला, पण ओळ सापडली होती. एजंटाचं काम झालं असतं, तर एका माणसाचे दोन जन्म सरकारदरबारी लागले असते आणि त्यातला एक खोटा. सात हजार अर्थातच परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून मी अर्ज बघण्याआधी प्रश्न विचारतो. आईचं माहेर कुठलं, तुम्ही कितवं अपत्य, बाळंतपण घरी की दवाखान्यात, दवाखाना कुठल्या गावात. ही माहिती घरातल्या सर्वांत वडील बाईकडून आणा. वडिलांना विचारू नका. वडिलांना फक्त त्या दिवशी आपण ऑफिसात होतो एवढंच आठवतं. जुनं डिस्चार्ज कार्ड किंवा लसीकरणाचं कार्ड सापडलं तर सोनंच. आणि जन्म डिसेंबरअखेरचा असेल तर पुढचा जानेवारीही पाहायला सांगा. शोध वर्षवार चालतो आणि शोधाचं शुल्कही वर्षामागे लागतं, पण तेवढे पैसे वाया गेले तरी चालतील.

गाव तेच राहून कार्यालय बदलतं, हा आणखी एक प्रकार. पुण्याच्या भोवतालची ११ गावं २०१७ मध्ये आणि २३ गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. अशा गावात जन्मलेल्यांनी ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर आता कुठे ठेवलंय हे आधी फोन करून विचारावं, मग रजा टाकावी. जिल्ह्याचंही तसंच. वाशिम १९९८ पर्यंत अकोल्यात होतं, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. १९९५ ला वाशिममध्ये जन्मलेल्याच्या नोंदीत जिल्हा अकोला असतो, आणि ते बरोबरच आहे. त्याची 'दुरुस्ती' मागायला येऊ नका. लोक येतात.

नावाचा रकाना कोरा

दवाखाना माहिती पाठवतो तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे ओळीत नाव नसतं. हे स्वाभाविक आहे. स्वाभाविक नाही ते पुढचं: आईबाप पुन्हा फिरकतच नाहीत. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क लावता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यापुढच्यांसाठी शासन अधूनमधून मुदतवाढ देतं, पण मुदतवाढीच्या भरवशावर कोणी मूल वाढवतं का? हा कोरा रकाना सर्वांत जास्त छळतो तो परदेशी गेलेल्यांना. ग्रीन कार्डाचा वकील म्हणतो, यात तुमचं नावच नाही, हे बाळ तुम्हीच कशावरून? मग रात्री साडेअकराला भारतातल्या काकांना फोन.

नाव लावायला जाताना नवरा-बायकोने एकमत करून जा. पाळण्यातलं नाव, हाक मारायचं नाव, पत्रिकेतलं नाव अशी तीन नावं घेऊन खिडकीवर वाद घालणारी जोडपी मी पाहिली आहेत. एकदा लागलेलं नाव आवडीनिवडीने बदलत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात क्रम ठरला आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्याआधी जन्मलेल्यांनी यासाठी धावपळ करायची गरज नाही.

१ जूनवाले

महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असलेली माणसं किती आहेत हे प्रत्येकाला आपल्या घरातूनच कळतं. गुरुजींनी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघितला, लागला, म्हणजे सहा वर्षं पूर्ण. घाल तारीख १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तारीख हिशोबाला सोपी. गुरुजींना दोष देत नाही, नाहीतर निम्मी पोरं शाळेबाहेर राहिली असती.

अडचण चाळिशी-पन्नाशीत उभी राहते. पासपोर्ट काढायला निघालेली एक बाई दाखल्यासाठी आली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधारवर, पॅनवर, सगळीकडे १ जून १९७९. आमच्या रजिस्टरात ऑक्टोबर १९७८. आईवडिलांची नावं, गाव, दवाखाना सगळं जुळत होतं. बाई म्हणाली, "दादा, तुमच्या इथे तेवढं १ जून करून द्या. बाकी सगळीकडे तेच आहे."

आता सांगा, चूक कोणाची? रजिस्टरात तारीख लिहिली गेली जन्मानंतर काही दिवसांत, दवाखान्याच्या कागदावरून. शाळेतली लिहिली गेली सहा वर्षांनी, कानाला हात लावून. तरीही प्रत्येक जण रजिस्टरच बदलायला येतो, कारण ते एकाच ठिकाणी बदलायचं असतं. नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधक, म्हणजे नोंदी ठेवणारा अधिकारी, दुरुस्ती करू शकतो, पण नोंद मुळात चुकली आहे याचा पुरावा लागतो, आणि तेव्हाही मूळ ओळ खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख करतात. शाळेचा दाखला हा नोंद चुकल्याचा पुरावा होत नाही.

मी त्यांना नाही म्हटलं. त्या चिडल्या, मग बाकावर बसल्या. थोड्या वेळाने उठून आल्या आणि म्हणाल्या, "आई नेहमी सांगायची, दसऱ्याच्या सुमारास झालीस म्हणून. मला वाटायचं तिचा काहीतरी घोळ आहे." दाखला घेऊन गेल्या.

अशांना माझा सल्ला एकच: आधी दाखला काढा, तारीख बघा, मग बाकीचे अर्ज भरा. उलट क्रमाने जाऊ नका. पासपोर्टसाठी १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागतो. आधी जन्मलेल्यांना जन्मतारखेचे इतर पुरावेही चालतात. त्यामुळे दोन तारखांचे दोन कागद एकाच अर्जाला जोडण्याआधी विचार करा. सरकारी नोकरीत असाल तर सेवापुस्तकातली तारीख बदलण्याचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. निवृत्तीला आठ महिने उरल्यावर खरा वाढदिवस आठवलेल्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

बारीकसारीक, पण रोजच्या

जुन्या दाखल्याच्या झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारला की ती प्रमाणित प्रत होत नाही. प्रमाणित प्रत निबंधकाकडूनच येते.

लॅमिनेशन करू नका. कुठल्याच कागदाचं करू नका.

जुना दाखला फक्त मराठीत आहे म्हणून अनुवादकाला पैसे देण्याआधी नवी प्रत मागा. आता मिळणारा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो. मात्र जुन्या रजिस्टरात इंग्रजी नसतं, ते ऑपरेटर त्या दिवशी पहिल्यांदा टाइप करतो. 'लक्ष्मी' एक्स घालून की के-एस-एच घालून, हे त्याला स्वप्नात कळत नाही. पासपोर्टवरचं स्पेलिंग ठळक अक्षरात चिठ्ठीवर लिहून द्या, आणि छापण्याआधी स्क्रीनवर वाचून घ्या. मागे रांग असली तरी वाचा.

राजपत्रात नाव बदललं म्हणजे जन्मनोंद आपोआप बदलली असं नाही.

ऑनलाइन अर्ज करताना पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते बघा. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या बनावट साइट आहेत, आणि त्यांच्या दाखल्यावर क्यूआर कोडही असतो. तो स्कॅन केला की त्यांचीच साइट उघडते आणि 'खरा आहे' म्हणून सांगते. चोरालाच साक्षीला बोलावल्यासारखं.

नोंद खरोखरच नसेल तर

घरी, सुईणीच्या हातून जन्म झालेल्या जुन्या माणसांचं असं होतं. तरीही लगेच हात टेकू नका. पूर्वी खेड्यात जन्म-मृत्यू कोतवाल लिहून घ्यायचा. त्या कोतवाल बुकाला, म्हणजे गाव नमुना १४ ला, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधावं लागतं. फार जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचणारा माणूस सोबत न्या. कुणबी नोंदींच्या निमित्ताने ही दप्तरं अलीकडे बरीच बाहेर निघाली, त्यामुळे आता 'ते काय असतं' असं तरी कोणी विचारत नाही.

तिथेही नसेल, तर अनुपलब्धता प्रमाणपत्र घेऊन उशिराची नोंद. जन्माला वर्ष उलटलं असेल तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे अधिकार जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आले. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने या अर्जांची छाननी बरीच कडक केली. नुसत्या आधारकार्डावर काम होईल असं कोणी सांगत असेल, तर तो माणूस तुमच्या सात हजारांच्या मागे आहे.

राहता राहिला वेळ. जन्मदाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतो. अर्जाची पोच घ्या, मुदत उलटली तर अपील करता येतं. पोच न घेता 'बघतो' या शब्दावर घरी जाणारे लोक मला आजही कळत नाहीत.

आणि दाखला हातात आला की नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख आणि कार्यालयाचं नाव वेगळं लिहून ठेवा. मी आमच्या घरातल्या पाचही जणांचं धान्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. दाखला हरवला तरी ओळ सापडते. धाकट्याचा दोनदा हरवलाय.