अनेकांतून एकच एअर पिस्तूल कायम ठेवायचे असेल तर

घरात दोन-तीन एअर पिस्तुले, म्हणजे दाबलेल्या हवेने छर्रा सोडणारी पिस्तुले, जमली की त्यांतले कोणते ठेवायचे हा प्रश्न कधीतरी पडतोच. किनाऱ्यावर तो लवकर पडतो, कारण मालवणसारख्या ठिकाणी खाऱ्या, दमट हवेत तिन्हींची नीट निगा राखणे एका माणसाला जमत नाही. माझ्याकडे एक स्प्रिंगचे, एक बाजूची तरफ एकदाच ओढून हवा दाबणारे आणि एक सिलिंडरवर चालणारे, अशी तीन होती. आज एकच आहे आणि ते ठरवायला मला दोन पावसाळे लागले.

सुरुवातीलाच नळीच्या अचूकतेचा वाद बाजूला ठेवावा. १० मीटरवरच्या लक्ष्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. स्पर्धेसाठी बनवलेले कोणतेही सुस्थितीतले पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून झाडले तर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. चुकतो तो आपला हात, त्यामुळे मॉरिनी कंपनीचे चांगले की स्टायरचे यापेक्षा कोणती मूठ आपल्या हाताची आहे, हे आधी पाहावे.

त्यासाठीची परीक्षा साधी आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून नेहमीच्या पवित्र्यात उभे राहावे, डोळे मिटून हात वर न्यावा, सावकाश लक्ष्याच्या उंचीवर आणावा आणि मग डोळे उघडावेत. नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, म्हणजे पुढची साइट, मागच्या खाचेत मधोमध दिसली तर मूठ जुळली. ती दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर मुठीला कानस किंवा लाकडाची लुगदी लावून दुरुस्ती करता येते, पण दहा वेळांत ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिसत असेल तर ते पिस्तूल हातात बसतच नाही असे समजावे. ही परीक्षा सकाळी ताज्या हाताने एकदा आणि दिवसभराचे काम आटोपल्यावर पुन्हा घ्यावी. अक्रोडाच्या लाकडाची मूठ पावसाळ्यात किंचित फुगते, म्हणून मे महिन्यात घासून अगदी घट्ट बसवलेली मूठ ऑगस्टमध्ये तळव्याला टोचू लागते. लाकूड घासायचेच असेल तर ते दिवाळीनंतर घासावे.

ट्रिगरसाठी किराणा दुकानातले अर्ध्या किलोचे वजन पुरते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम हवा, म्हणून छर्रा न भरता पिस्तूल सज्ज करून नळी आकाशाकडे सरळ धरावी आणि ट्रिगरला आकड्याने हे वजन टांगून उचलावे. ट्रिगर सुटला नाही तर तो नियमात आहे. मात्र वजन पेलले एवढ्यावर समाधान मानू नये. ट्रिगरचा पहिला, हलका टप्पा संपल्याची जागा बोटाला दर वेळी त्याच ठिकाणी लागते का, हे ड्राय फायर करून, म्हणजे छर्र्याविना ट्रिगर ओढून, शंभरदा तरी पाहावे; मात्र स्प्रिंगचे पिस्तूल असे रिकामे झाडू नये.

यानंतर प्रत्येक पिस्तुलाने वेगवेगळ्या दिवशी चाळीस-चाळीस शॉट मारावेत आणि कागद जपून ठेवावेत. इथे बहुतेक जण सर्वांत सुंदर कागद पाहून निवड करतात. माझे मत वेगळे आहे. प्रत्येक पिस्तुलाचे सर्वांत वाईट पाच शॉट शोधावेत आणि ज्याचे वाईट शॉट सर्वांत कमी वाईट आहेत ते पिस्तूल पुढे ठेवावे, कारण दमलेल्या आणि विचलित दिवसांत तेच आपल्याला सांभाळून घेते.

आता हवेचा प्रश्न, जो कोकणात निर्णायक ठरतो. सिलिंडरच्या पिस्तुलाला साधारण २०० बार दाबाची हवा लागते. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे सिलिंडर भरले जातात आणि योग्य अॅडॉप्टर असेल तर त्यांतली कोरडी हवा पिस्तुलाला उत्तम चालते. ऑक्सिजन मात्र कधीही भरू नये, त्याने स्फोट होऊ शकतो. मी ऐन पावसाळ्यात हातपंपाने हवा भरली, पंपाला ओलावा शोषणारी गाळणी नव्हती, आणि हवेतले पाणी सिलिंडरवाटे रेग्युलेटरमध्ये, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात, गेले. महिन्याभरात एकाच नेमावरचे शॉट उभ्या रेषेत वरखाली पडू लागले आणि दुरुस्तीसाठी पिस्तूल मुंबईला पाठवावे लागले. तरफेचे पिस्तूलही हीच दमट हवा घेते, पण प्रत्येक शॉटबरोबर ती बाहेर टाकते, त्यामुळे ओलावा आत मुक्काम करत नाही. साठ शॉटसाठी साठ वेळा तरफ ओढावी लागते आणि हात भरून येतो, हे खरे आहे. तरीही मी तेच ठेवले. त्याचे सील मला पडवीत बसून स्वतः बदलता येते. ऐन वेळी पिस्तुलात झालेला बिघाड काय करतो हे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला नेमबाज मनू भाकर यांच्या पात्रता फेरीत सर्वांनी पाहिले. त्यांनी २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके जिंकली, पण तिथे मदतीला तज्ज्ञ असतात, आपल्या गावात नसतात.

कायद्याचेही पाहून घ्यावे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, परंतु त्याने पक्ष्यांची शिकार करणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. सरावासाठी जांभ्याची उघडी भिंत लक्ष्यामागे ठेवू नये, कारण छर्रा उलटून येतो. छर्रे झेलणारी पेटी लावावी.

निवड झाली की पिस्तूल फोमच्या पेटीत ठेवू नये, कारण फोम ओल धरून ठेवतो. सरावानंतर हाताचा घाम लागलेला प्रत्येक धातूचा भाग पुसून त्यावर बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खोबरेल वापरू नये, ते काही दिवसांनी चिकट होते. मग पिस्तूल हवा न दाबता, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात घालून कुलपाच्या कपाटात ठेवावे आणि पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर वाळवून घ्याव्यात. उरलेली पिस्तुले विकायची असतील तर ती मृगाच्या आधी विकावीत, म्हणजे घेणाऱ्याच्या हाती गंज पडत नाही.