जुन्या वाड्याची दुरुस्ती काढलीय? आगीला आमंत्रण देणाऱ्या या चुका टाळा

वेल्डर पाच वाजता मशीन गुंडाळतो, साडेपाचला साइट रिकामी होते आणि आठ-नऊच्या सुमारास धूर दिसतो. दुरुस्ती चालू असलेल्या जुन्या इमारतींतल्या ज्या आगी मी पाहिल्या, त्या बहुतेक अशाच, सगळे घरी गेल्यावर लागलेल्या. तरी नव्या साइटवर पुन्हा तेच ऐकायचं: "साहेब, पाणी मारलंय, काही होत नाही."

वेल्डिंग-कटिंग संध्याकाळवर ढकलणं

पुण्यातल्या पेठेतला एक वाडा. सागवानी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजलं होतं, म्हणून दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या लावून ती आवळायची होती. पट्ट्यांना भोकं बाहेरूनच पाडून आणायची, वाड्यात फक्त बोल्ट कसायचे, असं ठरलेलं. एका पट्टीची भोकं जुळेनात. ठेकेदाराला घाई, त्यानं दिवस मावळता मावळता जागेवरच गॅस कटर लावला. खाली ओलं बारदान, शेजारी पाण्याची बादली, बघायला सगळं व्यवस्थित. पण ठिणग्या काही फक्त खाली पडत नाहीत. तुळई आणि भिंत यांच्या मधल्या फटीत चिमण्यांच्या काड्या होत्या, उंदरांनी ओढून नेलेल्या चिंध्या होत्या, वर्षानुवर्षांचा भुसा होता.

रात्री मागच्या बिऱ्हाडातल्या काकूंचा फोन आला, "अहो, कुणी कचरा जाळतंय का तिकडे?" जाऊन पाहिलं तर जाळ कुठेच नाही. हाताची पालथी बाजू भिंतीवरून फिरवत गेलो, तर एका जागी गिलावा चांगलाच गरम लागला. छिन्नीनं तो उडवला तसा भसकन धूर आला. आत तुळईचं टोक गोवरीसारखं धुमसत होतं. अग्निशमन दलाला वरची तक्तपोशी उचकटून पाणी सोडावं लागलं. ठेकेदाराचं पालुपद शेवटपर्यंत एकच, पाणी मारलं होतं. मारलं होतं खरं, जमिनीवर.

अमेरिकेत आगीपासून बचावाचे नियम ठरवणाऱ्या एनएफपीए या संस्थेच्या नियमांप्रमाणे अशा कामाच्या भोवती ३५ फुटांतलं जळाऊ सामान हलवायचं, आणि काम थांबल्यावर निदान एक तास माणूस राखणीला ठेवायचा. वाड्यात ३५ फूट म्हणजे जवळजवळ अख्खा चौक आला. त्यामुळे कापायचा तुकडा खाली चौकात आणून कापायचा, हे बरं. लोखंडाचं काम मी जेवणाच्या सुट्टीआधीच उरकायला लावतो आणि निघताना भिंतीवरून पुन्हा हात फिरवतो. राखणीला ठेवलेला माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा नको. त्यानं वरचा आणि खालचा, दोन्ही मजले बघायचे.

इंग्लंडमधलं अपपार्क हे सतराव्या शतकातलं घर ३० ऑगस्ट १९८९ रोजी जळालं, ते छतावरच्या शिशाच्या कामात वापरलेल्या ब्लोटॉर्चमुळे, म्हणजे ज्योतीचा झोत सोडणाऱ्या हत्यारामुळे. काम संपायला दोनच दिवस उरले होते. शेवटच्या आठवड्यात कुणी "आता एवढंच राहिलंय" म्हटलं की म्हणूनच माझं डोकं फिरतं.

तेलाच्या चिंध्यांचा ढीग

रंगारी थिनरला घाबरतात आणि अळशीच्या, म्हणजे जवसाच्या तेलाला निर्धास्त असतात, कारण जवसाची चटणी आपण खातोच. थिनर पेट घेतो तो काडी लागली तर. अळशीचं तेल, त्यातही लवकर वाळणारं बॉइल्ड, हवा लागून वाळताना स्वतःच तापतं. एक चिंधी पसरली तर ती उष्णता उडून जाते, बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आतच साठते आणि काही तासांत बोळा आपोआप पेटतो. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत फेब्रुवारी १९९१ मध्ये हेच झालं. लाकडाच्या पॉलिशकामातल्या चिंध्या २२व्या मजल्यावर राहिल्या, आग वरवर चढत गेली आणि तीन अग्निशमन जवान गेले. ३०व्या मजल्यावर आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर होते, तिथे ती थांबली. इमारत काही जुनी नव्हती, पण चिंध्यांना त्याचं काय!

मी झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवतो, त्यात पाणी. चिंधी वापरली की डब्यात, संध्याकाळी डबा चौकात. पॉलिशवाले हसतात. हसू देत.

बाकीच्या, थोडक्यात

जुना रंग ब्लोटॉर्चनं जाळून काढू नका. खरवडायला वेळ लागतो, लागू दे.

हॅलोजनचे दिवे लाकडाला टेकवून ठेवू नका, एलईडी आणा.

तात्पुरत्या वायरिंगचा मेन स्विच दरवाजाजवळ हवा आणि निघताना तो बंद हवा. उघड्या वायरी काडीनं सॉकेटात खोचणाऱ्याला मी साइटवर ठेवत नाही.

विडी-सिगारेट गेटाबाहेर. परांचीवर तर नाहीच.

उतरवलेलं लाकूड बोळात रचून वाट अडवू नका. पेठांमध्ये बंब आधीच मुश्किलीनं पोचतो.

आणि आगीची सूचना मिळाल्यावर बघायला जाणाऱ्याला जागा ठाऊक हवी. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी अलार्म वेळेवर वाजला होता, पण माणूस आधी भलत्याच छतात गेला आणि जवळपास अर्धा तास वाया गेला. आपल्याकडे अलार्मच्या जागी वॉचमन असतो. वरच्या मजल्याची किल्ली त्याच्याकडे आहे का, एवढं मी निघताना विचारतो. ती बहुधा मुकादमाच्या खिशात असते आणि मुकादम हडपसरला पोचलेला असतो.