बी.एससी.मधून इंजिनिअरिंगकडे : आधी वर्षांचा हिशोब, मग अर्ज

महाराष्ट्रात बी.एससी.ला असताना इंजिनिअरिंगला जायचं ठरवलं, तर वाटा दोन. एक, एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन पहिल्या वर्षापासून चार वर्षं. दुसरी, बी.एससी. पूर्ण करून थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे तीन वर्षं. कोणती घ्यायची हे तुम्ही आज कुठल्या वर्षाला आहात त्यावर ठरतं.

एफवाय (बी.एससी.चं पहिलं वर्ष) संपलं असेल तर सीईटीची वाट चार वर्षांची. बी.एससी. पूर्ण करून गेलात तर दोन अधिक तीन, पाच वर्षं. तेव्हा एफवायवाल्यांनी सीईटीच द्यावी. एसवाय (दुसरं वर्ष) संपलं असेल तर दोन्हीकडून चारच वर्षं लागतात, पण बी.एससी. पुरी केली तर हातात एक पदवी राहते. आमचं मत स्पष्ट आहे : एसवाय झालेल्याने सहसा मध्येच सोडू नये. अपवाद एकच. ठरावीक कॉलेजची ठरावीक शाखाच हवी असेल आणि सीईटीची तयारी खरोखर झालेली असेल, तर जरूर सोडा.

सीईटीला वयाची अट नाही आणि बारावी कधी झाली याचीही अडचण येत नाही. मात्र जुना स्कोअर चालत नाही, ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षीची परीक्षा लागते. इथेच बरेच जण अडकतात. एफवायचा निकाल पाहून जूनमध्ये निर्णय घेतात, आणि परीक्षा एप्रिल-मेमध्येच होऊन गेलेली असते. अर्ज हिवाळ्यातच भरून ठेवा. पेपर २०० गुणांचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे निम्मे गुण गणिताचे. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर असतात. कॉलेजातलं पुढचं गणित चालू असलं तरी बारावीचं इंटिग्रेशन आणि व्हेक्टर वेगाने सोडवायची सवय मोडलेली असते. वेळ लावूनच सराव करा.

बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ४५ टक्के (राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०) हवेत. कमी असतील तर राज्य मंडळाकडे श्रेणीसुधारचा (गुण वाढवायला पुन्हा परीक्षा देण्याचा) अर्ज करता येतो, पण बारावीनंतरच्या मोजक्याच संधींपर्यंत. बारावीला गणितच नव्हतं, तर तुरळक विषय म्हणून, म्हणजे तेवढ्या एकाच विषयाची परीक्षा म्हणून, गणित देता येतं. थेट दुसऱ्या वर्षालाही बारावीचं गणित लागतंच, त्यामुळे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम आधी उरकावं.

आता थेट दुसऱ्या वर्षाबद्दल. इथे सीईटी नाही. बी.एससी.ला ४५ टक्के (राखीव ४०) आणि कॅपचा (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) वेगळा अर्ज. अट महत्त्वाची ही की जागा आधी डिप्लोमावाल्यांना मिळतात आणि उरलेल्या जागा बी.एससी.वाल्यांना. त्यामुळे नामांकित कॉलेजात कॉम्प्युटर शाखा मिळेल हे धरून चालू नका. मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचा कटऑफ आणि रिकाम्या राहिलेल्या जागा पाहूनच पसंतीक्रम भरा. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर टक्केवारीच्या रूपांतराचं पत्र विद्यापीठाकडून वेळेत घ्या. टीवायचा (तिसऱ्या वर्षाचा) एक विषय राहिला असेल तर त्या वर्षीचा प्रवेश विसरा.

प्रवेशानंतरची खरी कसोटी ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाप्रमाणे बी.एससी.वाल्यांना पहिल्या वर्षाचे हे दोन विषय दुसऱ्या वर्षाच्या विषयांसोबत सोडवावे लागतात. मेकॅनिक्स जमतं, कारण फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची बलं दाखवणारी आकृती) नीट काढता आला की ट्रस आणि घर्षणाची गणितं सुटतात. ड्रॉइंगमध्ये मात्र पोरं खचतात. एचपी (आडवं प्रतल) आणि व्हीपी (उभं प्रतल) या दोन्हींना कललेला पृष्ठभाग आला की पाठांतर चालत नाही. आधी साधी स्थिती, मग एक कल, मग दुसरा, असे तीन टप्पे काढावेच लागतात. पुठ्ठ्याचा षटकोन कापून तो टेबलावर तिरका धरून पाहा, वरचं दृश्य लगेच कळतं. प्रवेश आणि वर्ग सुरू होणं यातल्या रिकाम्या दिवसांत प्रोजेक्शनच्या पंधरा-वीस शीट काढून ठेवा. हे विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाताना अडवणूक होऊ शकते. नेमका नियम विद्यापीठागणिक बदलतो, तो प्रवेशाच्याच दिवशी विचारा.

कागदपत्रांत सर्वांत जास्त घोळ मूळ एलसीचा (कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा). ती बी.एससी.च्या कॉलेजात जमा असते आणि प्रवेश रद्द केल्याशिवाय मिळत नाही. नवी जागा पक्की व्हायच्या आत जुना प्रवेश रद्द करू नका. पण फार थांबलात तर फी बुडते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच परत मिळत नाही. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. जातपडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर आधी काढा. मुदतीत दिलं नाही तर अर्ज खुल्या गटात जातो. बारावीच्या वेळचं नॉन-क्रिमिलेअर ३१ मार्चला संपलंय का, तेही पाहा.

कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून जिथे खरंच जायचंय तेच कॉलेज पहिलं लिहा. शासनाची फीसवलत (उत्पन्नाची मर्यादा ८ लाख) कॅपमधून घेतलेल्या जागेलाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर चारही वर्षं पूर्ण फी भरावी लागते.