आयडी-आर्टमध्ये चोरीचा टाक सापडेना, तेव्हा

लक्षण: गड्ड्याच्या जत्रेत घर बंद असताना सोलापुरातल्या आमच्या देवघरातून खंडोबाचा चांदीचा टाक गेला. चोरीच्या कलावस्तू शोधायच्या इंटरपोलच्या आयडी-आर्ट अ‍ॅपमध्ये शोधलं की निकाल शून्य.

'खंडोबा', 'मल्हारी' लिहून पाहिलं, लग्नाच्या अल्बममधला अंधुक फोटोही चढवला. आठवडाभर नुसतं डोकं उठलं.

गोम अशी: तिथे नोंदवलेल्याच चोरीच्या वस्तू दिसतात, पन्नास हजारांहून अधिक. आणि ती नोंद आपल्याला करता येत नाही. पोलिसांमार्फत सीबीआयकडे, तिथून इंटरपोलकडे जाते.

म्हणून आधी एफआयआर. पहिल्या अर्जात मी 'जुना चांदीचा देव' एवढंच लिहिलं होतं, तो परत आला. दुसऱ्यांदा ऑब्जेक्ट आयडीच्या, म्हणजे कलावस्तूचं वर्णन लिहायच्या आंतरराष्ट्रीय नमुन्याच्या, क्रमाने लिहिलं: प्रकार, धातू, माप, लेख, खुणा, विषय. देवाचं नाव शेवटी. आधी दिसतं ते. उठावाचा पत्रा, घोडेस्वार, मागे बसलेली स्त्री, खाली कुत्रा. माप कुणालाच ठाऊक नव्हतं. पण देव्हाऱ्यातल्या लाल वस्त्रावर टाकाभोवती हळद-भंडाऱ्याची चौकट उरली होती. पट्टी लावली, ६.५ बाय ५ सेंमी. खूण: घोड्याचा कान झिजलेला, पाठीला सोनाराने दिलेला डाग.

अर्ज त्याच दिवशी घेतला. उरलेल्या पाच टाकांची मापं-फोटो त्याच रात्री अ‍ॅपमधल्या स्वतःच्या वस्तूंच्या खासगी यादीत भरले; ती आपल्याला करता येते.